लक्षण एकाचे, उपाय दुसऱ्याचा : शिकवणीच्या व्हिडिओवरील दिशाभूल करणाऱ्या थंबनेलचे एक प्रकरण

मनोरंजनाच्या व्हिडिओवरचे थंबनेल, म्हणजे यादीत व्हिडिओची ओळख म्हणून दिसणारे छोटे चित्र, खोटे निघाले, तर प्रेक्षकाची पाचदहा मिनिटे वाया जातात आणि थोडा संताप होतो, पण नुकसान तेवढ्यावरच थांबते. काही शिकवणाऱ्या व्हिडिओचे तसे नसते, कारण तो पाहणारा माणूस नुसता पाहत नाही, तर समोर दाखवलेली कृती स्वतःच्या हाताने करतो आणि त्यातल्या काही कृती नंतर मागे घेता येत नाहीत. पुढील प्रकरण अशाच एका व्हिडिओचे आहे. संबंधितांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि चॅनलचे नावही दिलेले नाही.

घटनाक्रम

एका संशोधक विद्यार्थिनीच्या बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कवर प्रबंधासाठी घेतलेल्या मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, छायाचित्रे आणि टिपणांच्या फाइली होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही ठेवलेली नव्हती. एके दिवशी डिस्क जोडल्यावर ती उघडली नाही. वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल, असा संदेश विंडोजने दाखवला. डिस्कच्या नावाखाली एरवी दिसणारी जागेची पट्टी गेली होती आणि फाइल सिस्टीमच्या जागी ‘रॉ’ एवढाच शब्द येत होता. याचा अर्थ डिस्कवरचा मजकूर पुसला गेला असा होत नाही. तो कसा मांडला आहे हे सांगणारा सुरुवातीचा भाग विंडोजला वाचता येत नाही, एवढाच होतो. हा फरक तिला माहीत नव्हता, आणि तो माहीत नसतो म्हणूनच माणूस शिकवणीचा व्हिडिओ शोधतो.

तिने संदेशातले शब्द जसेच्या तसे यूट्यूबच्या शोधपट्टीत टाकले. समोर आलेल्या यादीतून तिने जो व्हिडिओ निवडला, त्याच्या थंबनेलच्या डाव्या अर्ध्या भागात तिच्या स्क्रीनवर होती तीच संदेशचौकट होती आणि तिच्यावर लाल फुली मारलेली होती. मधोमध जाड बाण होता. उजव्या अर्ध्या भागात भरलेल्या फोल्डरांची खिडकी आणि हिरवी बरोबरची खूण होती. वर मोठ्या अक्षरांत ‘100% रिकव्हरी’ आणि खाली ‘सॉफ्टवेअरशिवाय’ असे लिहिले होते. व्हिडिओखाली आभार मानणाऱ्या कॉमेंटची रांग होती. तिच्या जागी दुसरे कोणीही असते तरी हाच व्हिडिओ उघडला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

व्हिडिओतली पहिली पायरी चेकडिस्क ही डिस्कमधल्या चुका तपासणारी कमांड चालवण्याची होती. तिच्या संगणकाने उत्तर दिले की रॉ डिस्कसाठी चेकडिस्क उपलब्ध नाही. आपलेच टाइप करायला चुकले असेल, असे समजून तिने व्हिडिओ मागे नेला, थांबवला, अक्षर न अक्षर जुळवून पुन्हा टाइप केले आणि पुन्हा तेच उत्तर मिळवले. दुसरी पायरी ॲट्रिब या कमांडची होती. तीही चालली नाही. शेवटच्या भागात निवेदक म्हणतो की अजूनही जमले नसेल तर डिस्क फॉरमॅट करून घ्या आणि खाली दिलेल्या लिंकवरचे सॉफ्टवेअर वापरून फाइली परत मिळवा. तिने ‘क्विक फॉरमॅट’ची खूण तशीच ठेवली, हे तिचे नशीब, ती खूण काढली असती तर सर्वच गेले असते, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट करताना डिस्कवर सर्वत्र शून्ये लिहिली जातात. मग तिने सॉफ्टवेअर उतरवले, त्याच्या मोफत आवृत्तीची मर्यादा लगेच संपली, परवाना विकत घ्यावा लागला, आणि परत मिळालेल्या फाइली तिने व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे त्याच डिस्कवर साठवल्या.

घात या अखेरच्या कृतीने केला. फॉरमॅट झालेल्या डिस्कच्या दृष्टीने जुना मजकूर म्हणजे मोकळी जागा असते, आणि नव्याने लिहिलेली प्रत्येक फाइल त्या जागेवर, म्हणजे अजून परत मिळायच्या असलेल्या फाइलींवर जाऊन बसू शकते. बरीच ध्वनिमुद्रणे सापडली, पण त्यांची मूळ नावे आणि फोल्डर गेले होते. काही मुलाखती सुरुवातीची थोडी मिनिटे चालून बंद पडत होत्या, तर काही उघडतच नव्हत्या. आवाज ऐकून कोणती मुलाखत कोणाची हे तिला एकेक करून ठरवावे लागले.

थंबनेल बारकाईने पाहिल्यावर

नंतर हेच थंबनेल मोठ्या पडद्यावर मोठे करून पाहिले तेव्हा त्याच्या दोन अर्ध्या भागांचा एकमेकांशी संबंध नसल्याचे स्पष्ट झाले. डाव्या बाजूच्या संदेशात डिस्कचे अक्षर ‘ई’ आहे. उजव्या बाजूच्या खिडकीत, वरच्या पत्त्याच्या पट्टीत, अक्षर ‘जी’ आहे. उजव्या खिडकीतली डिस्क म्हणजे व्हिडिओत वापरलेला पेनड्राइव्ह आहे, आणि व्हिडिओत तो सुरुवातीपासून उघडतो. त्याच्या नावाखाली जागेची निळी पट्टी पहिल्या दृश्यातही दिसते. डावीकडची संदेशचौकट संपूर्ण व्हिडिओत एकदाही येत नाही. ती अन्य ठिकाणाहून आणून चिकटवलेली आहे.

म्हणजे व्हिडिओ नेमका कशाबद्दल आहे? त्यात दुरुस्त केलेला दोष वेगळाच आहे. काही व्हायरस पेनड्राइव्हवरच्या फाइली लपवतात आणि त्यांच्या जागी शॉर्टकट ठेवतात. ॲट्रिब ही कमांड फाइलींवरची ‘लपलेली’ ही खूण काढते आणि फाइली पुन्हा दिसू लागतात. हा उपाय खरा आहे, त्याला खरोखर सॉफ्टवेअर लागत नाही, आणि त्या दोषापुरता तो व्हिडिओ चांगला आहे. निवेदकही बोलताना लपलेल्या फाइलींचाच उल्लेख करतो. रॉ डिस्कशी त्याचा काडीचाही संबंध नाही. उलट ज्या दोषाचे चित्र थंबनेलवर आहे, त्या दोषात व्हिडिओतल्या दोन्ही कमांड चालूच शकत नाहीत. थंबनेलने अतिशयोक्ती केली असे म्हणणे येथे अपुरे ठरते. त्याने रोगाचे नावच बदलले. एका औषधाच्या बाटलीवर दुसऱ्या आजाराची चिठ्ठी लावावी, तसा हा प्रकार आहे.

फोनच्या पडद्यावर यादीतले थंबनेल अंगठ्याएवढे दिसते. यूट्यूब निर्मात्यांना मोठ्या आकाराचे चित्र देण्यास सुचवते, पण पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतो तो त्याचा आक्रसलेला अवतार. त्या आकारात लाल फुली, बाण आणि हिरवी खूण दिसते. ‘ई’ आणि ‘जी’ यांतला फरक दिसत नाही. खोटेपणाचा पुरावा चित्रातच असूनही प्रेक्षकाला तो वाचता येण्याची सोय नव्हती.

कॉमेंट कोणत्या व्हिडिओच्या?

आता आभार मानणाऱ्या कॉमेंटकडे वळतो. मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दुवा हाच वाटतो. कॉमेंट तारखेच्या क्रमाने लावून पाहिल्या तर जुन्या कॉमेंट जवळजवळ सर्व ‘लपलेल्या फाइली दिसू लागल्या’ अशा आशयाच्या आहेत. अलीकडच्या कॉमेंटमध्ये मात्र सूर बदलतो: ‘कमांड चालत नाही’, ‘रॉ दाखवत आहे’, ‘फॉरमॅट केले, आता काय करू’. यावरून काढता येणारा अनुमान असा की व्हिडिओ आधी पेनड्राइव्हच्या लपलेल्या फाइलींवरचा म्हणूनच प्रसिद्ध झाला, आणि रॉ डिस्कच्या शोधांना जास्त प्रेक्षक मिळतात हे लक्षात आल्यावर कधीतरी त्याचे थंबनेल आणि शीर्षक बदलले गेले.

यूट्यूबवर हे सहज करता येते. प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओचे थंबनेल निर्माता केव्हाही बदलू शकतो. व्ह्यूची संख्या, लाइक आणि कॉमेंट मात्र जागच्या जागी राहतात. आधी कोणते चित्र होते आणि ते कधी बदलले, याचा कोणताही इतिहास प्रेक्षकाला दिसत नाही. त्यामुळे जुन्या आश्वासनावर समाधानी झालेल्या लोकांची साक्ष नव्या आश्वासनाच्या नावावर जमा होते, आणि ती देणाऱ्यांना याचा पत्ताही नसतो. एरवी सावध असणारा माणूससुद्धा येथे फसतो, कारण सावधपणे पाहावयाच्या दोन गोष्टी, म्हणजे किती जणांनी पाहिले आणि त्यांचे काय मत आहे, त्या दोन्ही येथे खऱ्याच आहेत.

तिसरी खूण पूर्वी होती. यूट्यूबने नोव्हेंबर 2021 मध्ये डिसलाइकची संख्या सर्वांपासून लपवण्याचे जाहीर केले. बटण राहिले, पण आकडा फक्त निर्मात्याला दिसू लागला. ठरवून मोहीम चालवून डिसलाइकचा मारा करण्याला आळा बसावा आणि लहान निर्मात्यांना त्रास होऊ नये, हे त्यामागचे दिलेले कारण होते, आणि मत मांडणाऱ्या किंवा विनोदी व्हिडिओंच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. शिकवणीच्या व्हिडिओंच्या बाबतीत मात्र तो आकडा लोकांच्या आवडीनिवडीचा नव्हता. ‘हे चालले नाही’ असे सांगण्याचा तो सर्वांत कमी कष्टाचा मार्ग होता. या विद्यार्थिनीने डिस्क फॉरमॅट करण्याआधी एकच आकडा पाहिला असता तरी ती थबकली असती, असे ती स्वतः सांगते.

पाहण्याचा वेळ आणि फसवणूक

दिशाभूल करणाऱ्या थंबनेलचा प्रश्न यूट्यूबला नवा नाही. अगदी सुरुवातीच्या काळात थंबनेल व्हिडिओतल्याच काही चौकटींमधून निवडावे लागे, आणि त्यांतली एक व्हिडिओच्या मध्यावरची असे, हे ओळखून काही जण नेमक्या त्या क्षणी असंबद्ध पण लक्षवेधी चित्र घालत. 2012 मध्ये कंपनीने शिफारशींचा पाया बदलला आणि नुसत्या क्लिकऐवजी पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिले. गूगलच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात या निवडीचे कारण स्पष्ट लिहिले आहे: क्लिकच्या प्रमाणावर क्रम लावला तर प्रेक्षक पूर्ण न पाहणारे फसवे व्हिडिओ वर येतात, आणि पाहण्याचा वेळ हे गुंतण्याचे अधिक चांगले माप आहे. 2024 मध्ये निर्मात्यांना एकाच व्हिडिओसाठी तीनपर्यंत थंबनेल देऊन त्यांची तुलना करण्याची सोय मिळाली, आणि तेथेही विजेता क्लिकवर न ठरता पाहण्याच्या वेळेतल्या वाट्यावर ठरतो.

या साऱ्या विचारामागे एक गृहीतक आहे. फसलेला प्रेक्षक फसवणूक ओळखतो आणि निघून जातो, हे ते गृहीतक. गाण्याच्या, बातमीच्या किंवा चित्रपटाच्या झलकेच्या बाबतीत ते बरोबर आहे, कारण थंबनेलवर दाखवलेली गोष्ट समोर आली की नाही हे कोणालाही कळते. शिकणाऱ्याला ते कळत नाही. कमांड चालली नाही तेव्हा या विद्यार्थिनीने व्हिडिओवर शंका घेतली नाही, स्वतःवर घेतली. तिने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला, थांबवून पाहिला, शेवटपर्यंत पाहिला, आणि खालची लिंकही उघडली. पाहण्याच्या वेळेच्या मापाने पाहिले तर तिच्यासारखा समाधानी प्रेक्षक दुसरा नसेल. ज्याचा प्रश्न खरोखर पेनड्राइव्हच्या लपलेल्या फाइलींचा होता, तो तिसऱ्या मिनिटाला कमांड टाइप करून निघून गेला असणार. म्हणजे ज्याला उपाय मिळाला त्याने व्हिडिओला कमी वेळ दिला आणि जिला मिळाला नाही तिने जास्त. हे माप शिकवणीच्या व्हिडिओंना लावताना उलटे फिरते, आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. यूट्यूब काही प्रेक्षकांना व्हिडिओ कसा वाटला हे विचारते, हे खरे. पण पाहून झाल्यावर लगेच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना शिकणाऱ्याने ती कृती बहुधा अजून केलेलीच नसते.

थंबनेलच्या मोहाचे स्पष्टीकरण देताना सामान्यपणे कुतूहलाचा दाखला दिला जातो. मानसशास्त्राशी संबंधित अभ्यास करणारे जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी 1994 मध्ये मांडले की आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत हवे आहे यांतले अंतर जाणवले की माणूस ते भरून काढायला धावतो. अर्धवट झाकलेली चित्रे आणि बाणांनी दाखवलेल्या अज्ञात वस्तू या अंतरावरच चालतात. या प्रकरणात मात्र कुतूहल नव्हते. येथे ओळख होती. स्वतःच्या पडद्यावरची संदेशचौकट जशीच्या तशी दुसरीकडे दिसल्यावर ‘यांनी माझाच प्रश्न पाहिलेला आहे’ असा भरवसा वाटतो, आणि अडचणीतल्या माणसाला त्या भरवशाची सर्वांत जास्त गरज असते. कुतूहलाला हात घालणाऱ्या थंबनेलपेक्षा हा प्रकार अधिक गंभीर मानायला हवा.

योग्य उपाय काय होता

हा भाग थोडक्यात. रॉ दिसणाऱ्या डिस्कवर पहिला नियम म्हणजे तिच्यावर काहीही लिहू नये. संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे तिच्यावरच्या सर्व मजकुराची हुबेहूब नक्कल, दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि पुढचे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन त्यासाठीच आहे. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टीममध्ये बूट सेक्टरची, म्हणजे मजकुराची मांडणी सांगणाऱ्या त्या सुरुवातीच्या भागाची, एक राखीव प्रत विभागाच्या शेवटी ठेवलेली असते, आणि टेस्टडिस्क हे मोफत साधन ती प्रत वापरून मूळ जागी दुरुस्ती करू शकते. बिघाड तेवढाच असेल तर फाइली नावांसकट परत दिसतात. ते शक्य नसेल तर फोटोरेकसारखे साधन फाइलींच्या आतल्या खुणांवरून त्या शोधून काढते, पण त्यात नावे मिळत नाहीत, आणि सापडलेल्या फाइली नेहमी वेगळ्या डिस्कवरच साठवायच्या असतात. डिस्कमधून खडखड आवाज येत असेल तर मात्र यांतले काहीही न करता ती तज्ज्ञाकडे द्यावी. हा उपाय ‘100%’ म्हणून सांगता येत नाही, आणि कदाचित म्हणूनच तो थंबनेलवर येत नाही.

नियम आणि जबाबदारी

शीर्षक, थंबनेल किंवा वर्णन वापरून व्हिडिओ जे नाही ते असल्याचा समज करून देणे यूट्यूबच्या नियमांत बसत नाही. पहिल्या उल्लंघनाला सामान्यपणे ताकीद मिळते आणि त्यानंतर 90 दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे नियमभंगाच्या नोंदी, झाल्या तर चॅनल बंद होऊ शकते. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीने शीर्षक किंवा थंबनेलमधले आश्वासन व्हिडिओत पाळलेच जात नाही अशा ठळक प्रकारांवर अधिक कडक कारवाई भारतापासून सुरू करत असल्याचे जाहीर केले. भर मात्र ताज्या बातम्या आणि चालू घडामोडी यांवर होता. हा क्रम समजण्यासारखा आहे, कारण खोटी बातमी एका दिवसात लाखोंपर्यंत पोहोचते. तरीही शिकवणीचे व्हिडिओ वर्षानुवर्षे शोधात वर येत राहतात, त्यांची हानी रोज थोडीथोडी होते आणि ती मोजणारे कोणी नसते.

निर्मात्याला सराईत फसवणारा ठरवण्याची माझी इच्छा नाही. त्याच्या इतर व्हिडिओंमध्ये मेहनत दिसते, आवाज स्पष्ट आहे, पायऱ्या सावकाश दाखवल्या आहेत. स्वतःचे काम अधिक लोकांनी पाहावे यात गैर काही नाही, आणि चांगले थंबनेल बनवणे हे कौशल्यच आहे. ठळक अक्षरे, रंग, बाण, आश्चर्यचकित चेहरा यांना माझा आक्षेप नाही. आक्षेप एवढ्यावर आहे की थंबनेलवर दाखवलेला दोष व्हिडिओत दुरुस्त होताना दिसला पाहिजे, आणि ‘आधी’ व ‘नंतर’ची चित्रे एकाच वस्तूची असली पाहिजेत. ‘सॉफ्टवेअरशिवाय’ असे लिहून शेवटी सॉफ्टवेअरची लिंक देणे, आणि त्या लिंकवर कमिशन मिळत असणे, याचे समर्थन कोणत्याही युक्तिवादाने होणार नाही.

प्रेक्षकाच्या बाजूनेही थोडे करता येते. कॉमेंट ‘नव्या आधी’ या क्रमाने लावून वाचाव्यात. या प्रकरणात तेवढ्याने सत्य समोर आले असते. थंबनेलवरचे दृश्य व्हिडिओत कोठे येते हे खालच्या पट्टीवर बोट सरकवून आधी शोधावे, आणि ते कोठेच येत नसेल तर व्हिडिओ बंद करावा. लिखित उतारा उपलब्ध असेल तर त्यात आपल्या अडचणीचा शब्द शोधावा. या व्हिडिओच्या उताऱ्यात ‘रॉ’ हा शब्द नाही. थंबनेल काढून त्या जागी व्हिडिओतलीच चौकट दाखवणारी ब्राउझरची जोडसाधनेही आहेत. 2023 मध्ये आलेले डीॲरो हे त्यांपैकी एक असून त्यात वापरकर्तेच मिळून योग्य चौकट सुचवतात. फोनच्या ॲपवर मात्र हा मार्ग सहज मिळत नाही, आणि अनेक लोक व्हिडिओ फोनवरच पाहतात, ही त्याची मोठी मर्यादा आहे.

सध्याची स्थिती

विद्यार्थिनीने व्हिडिओविरुद्ध दिशाभूल करणारा मजकूर या वर्गात तक्रार नोंदवली आणि निर्मात्यालाही सविस्तर पत्र लिहिले. निर्मात्याचे उत्तर सभ्य होते. थंबनेल लक्ष वेधण्यापुरते असते, खरी माहिती व्हिडिओत आहे, आणि थंबनेल बदलले तर शोधातली जागा जाईल, असे त्याचे म्हणणे होते. त्याने ‘100%’ काढून टाकले आणि रॉ डिस्कवर या कमांड चालणार नाहीत अशी कॉमेंट सर्वांत वर बांधून (पिन करून) ठेवली. फॉरमॅटच्या संदेशाची चौकट थंबनेलवर अजून आहे, आणि फोनवर ती बांधलेली कॉमेंट व्हिडिओखाली मिटलेल्या अवस्थेत असते. ती उघडली तरच वाचता येते.

दुसऱ्या पत्रात तिने त्याला एक पर्याय सुचवला आहे: जुन्या व्हिडिओला लपलेल्या फाइलींचे त्याचे खरे थंबनेल परत द्यावे, आणि रॉ डिस्कवर एक वेगळा व्हिडिओ करावा, ज्यात पहिली पायरी डिस्कची प्रतिमा घेण्याची असेल आणि थंबनेलवरची दोन्ही चित्रे त्याच डिस्कची असतील. त्या व्हिडिओसाठी चाचणीला लागणारी बिघडलेली डिस्क जुळवून देण्याची तयारीही तिने कळवली आहे.